पाऊण तासाचं पाणी

माघ सरत आला की सावेडीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दोनच आवाज असतात. एक दुधाच्या गाडीचा आणि दुसरा माझ्या गुडघ्यांचा. गेल्या आठवड्यात त्यात तिसरा मिसळला. मोबाईल वाजला आणि पलीकडून हिरा ओरडली, "आक्का, पाट सुटला! परवा दिशी आपली पाळी हाय. येताय न्हवं?"

हिरा माझी धाकटी जाऊ. राहुरीच्या पुढे मुळेच्या पाटाखाली आमचं रान आहे, तिथे ती आणि भाऊजी राहतात. फोनवर बोलायचं म्हणजे पाटाच्या ह्या काठावरून त्या काठाला हाक मारायची, अशी तिची पक्की समजूत आहे, त्यामुळे मी फोन कानापासून वीतभर लांबच धरते. "बघते गं," म्हटलं आणि फोन ठेवून ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा.

पुस्तकात ऋतू सहा असतात. आमच्याकडे अजून एक असतो, त्याला आवर्तन म्हणतात. धरणातून ठरावीक दिवसांसाठी पाटाला पाणी सोडतात ते. तोवर पाट कोरडा पडलेला असतो, त्यात शेळ्या हिंडतात, कुणाची तरी हरवलेली चप्पल दिसते. मग एक दिवस पाणी येतं. पहिल्यांदा पाणी दिसतच नाही. दिसतो तो काटक्यांचा, पाचोळ्याचा, फेसाचा एक जाडजूड लोळ, म्हाताऱ्या पाटलाच्या मिशीसारखा, आणि त्याच्या मागून पाणी. सुकलेल्या शेवाळावर पाणी चढलं की एक उग्र, मासळीसारखा वास सुटतो. हा वास मला अत्तरापेक्षा आवडतो असं म्हटलं की माझी लेक नाक मुरडते. त्या दिवसांत गावात माणसं चहा उभ्यानं पितात आणि कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही. विचारतात ते एकच, "तुमची कवा?"

लग्नानंतरची नऊ वर्षं मी त्या रानात काढली. यांना नगरला नोकरी लागली, मग आम्ही आधी केडगावात आणि पुढे सावेडीत आलो. पण त्या नऊ वर्षांत मी दारं धरलेलं आहे. दारं धरणं म्हणजे काय ते सांगते. गव्हाच्या रानात बांधाबांधाचे लांबट पट्टे पाडतात, त्यांना सारे म्हणतात. एक सारा भिजला की फावड्यानं त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. पाळी संपेपर्यंत हेच. पाळी संपली की वरचा शेतकरी पाणी तोडतो, मग तुमचं रान भिजो की न भिजो. त्याचंही चुकत नाही, त्याचाही गहू उभाच असतो. तर हे सगळं मला येतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे "मला काय माहीत" म्हणायची सोय मलाच राहू नये.

माझ्या हातात कॅमेरा आला तो साठी उलटल्यावर. हे गेले, घर मोठं वाटायला लागलं, आणि पुण्याच्या लेकीनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना माझ्या कपाटावर ठेवून गेली. म्हणाली, "आई, हा कुणाला देऊन टाकू नकोस. शीक." शिकवणार कोण? मी सातवी शिकलेली बाई. मोबाईलवर लोक शिकवतात ते बघायचं, निम्मं कळायचं, निम्मं मनानं भरायचं. कॅमेऱ्यातले काही आकडे उलटे चालतात, मोठा आकडा म्हणजे लहान भोक, एवढं डोक्यात शिरायला मला महिना लागला. त्यात एकदा कुणाचा तरी ओढ्याचा फोटो पाहिला. पाणी वाहतंय, पण पाण्यासारखं नाही. धुऊन वाळत घातलेलं मलमलीचं धोतर वाऱ्यानं सुटून दगडांवर पसरावं, तसं. मी वेडीच झाले.

पहिला प्रयोग मोरीतल्या नळावर केला. अख्खी सकाळ नळ सोडून बसले होते. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि वरच्या मजल्यावरच्या बाई तोंडाला साबण तसाच घेऊन खाली आल्या. "काकू, नळ दुरुस्त करताय का?" मी म्हटलं, "नाही हो, त्याचा फोटो काढतेय." त्या साबणासकट तशाच वर गेल्या. तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं.

हा फोटो काढायची रीत तशी सोपी आहे. एरवी कॅमेऱ्याचा डोळा पापणी लवावी तसा उघडून मिटतो. इथे तो उघडाच ठेवायचा. दहा मोजा, वीस मोजा, तीस मोजा. भिंगावर काळी काच चढवायची म्हणजे उजेड मुंगीच्या पावलांनी आत येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि आपण श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. दगड हलत नाही, म्हणून दगड जसाच्या तसा उमटतो. पाणी थांबत नाही, म्हणून त्याचा एकही थेंब उरत नाही, नुसत्या धावण्याचा मिळून एक पदर होतो. आणि मधून कुणी माणूस हलत गेला, तर तो उमटतच नाही. त्या वेळी मला ही फार गंमत वाटली होती.

भंडारदऱ्याकडे, कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या गटाबरोबर जाऊन आले. तिथे धबधब्यापुढे माणसांचाच धबधबा. घरी येऊन पाहते तो आम्हा सगळ्यांचे फोटो एकाच साच्यातले. तेव्हा मला आमची उडी आठवली.

आमच्या रानाच्या कडेनं पाटाची चारी जाते, म्हणजे पाटातून फुटलेला लहान कालवा. त्या चारीला आमच्या दारापासून, म्हणजे रानात पाणी घ्यायच्या तोंडापासून, वीसेक पावलं खाली एक दगडी पायरी आहे, कमरेइतकी उंच. पाणी तिथून खाली पडतं, म्हणून तिला सगळे उडी म्हणतात. दगड काळे, कडेला दोन बाभळी, मागे गव्हाचं रान. आणि माणूस एकही नाही. मी ठरवलं, आपलं पाणी आपल्या उडीवर.

ह्याला आता तीन वर्षं झाली. हेच दिवस. आमची पाळी सात ते दहा. सातपर्यंत खालच्याचं पाणी, म्हणून तोवर चारी उडीवरून पडत राहणार. सातला हिरानं आमच्या दारापाशी चारीत आडवी फळी टाकली, पोत्याचे बोळे ठासले, की सगळं पाणी आमच्या रानात वळणार आणि उडी कोरडी. म्हणजे फोटो सातच्या आत व्हायला हवा होता. पण सातच्या आत उजेडच पुरेना. सगळं पाणी शिसवी रंगाचं दिसत होतं.

भाऊजींचे गुडघे गेलेत, म्हणून दारं हिराच धरते. ती साडी खोचून, भाऊजींचा जुना शर्ट वर चढवून, बांधावर फळी घेऊन उभी होती. सात वाजले.

"टाकू का फळी, आक्का?"

"थांब ना जरा. दोनच मिनिटं. आत्ता कुठे उजेड येतोय."

"दोन मिंटं व्हय? थांबते की. काढा तुमी."

पहिला फोटो काळा आला. दुसऱ्याला ट्रायपॉडचा एक पाय चिखलात खचला. तिसऱ्याला काचेवर तुषार उडाले, ते मी पदरानं पुसले, तर पदराचे तंतू काचेला चिकटले.

"झालं का, आक्का?"

"अगं होतंय. घाई केली की बिघडतं."

"माझं न्हाई वो, पान्याचं इचारते. त्ये वढ्याला चाललंय."

खरंच चाललं होतं. खालच्यानं आपलं दार बंद केलेलं, त्यामुळे उडीवरून पडणारं पाणी कुणाच्याच रानात जात नव्हतं. ते सरळ ओढ्याला मिळत होतं. मी म्हटलं, "एकच अजून." मग अजून एकच.

"शेरातल्या लोकान्ला पानी पडताना बगायचं लई याड," हिरा हसून म्हणाली, "आमाला मुरताना बगायचं."

मीही हसले. हसता हसता तीस मोजत होते. तीस सेकंद मी अगदी काटेकोर मोजत होते आणि मिनिटं मोजत नव्हते. नाही, तेही खरं नाही. एकदा मनगटाकडे बघितलं होतं. सव्वासात होऊन गेले होते. मी स्वेटरची बाही घड्याळावर ओढून घेतली. थंडी होती म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिनं फळी टाकली असती तर मी काय करणार होते? पाळी तिची होती. पण मी थोरली जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला चुलीपुढे पहिल्यांदा बसवणारी मी. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसलेली मी. आमच्याकडे थोरलीचा शब्द धाकटी खाली पडू देत नाही, हेही मला माहीत होतं. सासूबाई असत्या तर फावडं घेऊन माझ्या अंगावर धावल्या असत्या आणि कॅमेऱ्यासकट मला ओढ्याला लावलं असतं. तेच बरं झालं असतं.

मग ऊन आलं. आधी बाभळीच्या शेंड्याला, मग गव्हाच्या लोंब्यांना, आणि पाण्याच्या कडेला सोन्याचा एक दोरा धरला. तो फोटो मला मिळाला. पावणेआठ वाजले होते. "टाक गं आता!" मी ओरडेपर्यंत हिरानं फळी टाकलीसुद्धा होती.

त्यानंतरची हिरा मी पाहिली. सारे चौदा होते. एका साऱ्यापासून दुसऱ्याकडे ती अक्षरशः पळत होती, फावड्यानं माती ओढत होती, एक पुरता भिजायच्या आत दुसऱ्याचं तोंड फोडत होती. पण पाणी आपल्या घाईनं चालत नाही. ते मातीला विचारत विचारत जातं. दहाला वरच्यानं पाणी तोडलं. शेवटचे तीन सारे, लिंबाखालचे, कोरडे राहिले. गहू चिकात होता. दाण्यात दूध भरायचे दिवस. ह्याच पाण्यावर दाणा फुगायचा असतो. विहिरीनं तर संक्रांतीलाच तळ दाखवलेला.

"भिजतील की पुढच्या पाण्याला," मी म्हटलं.

"व्हय," हिरा म्हणाली.

पुढचं पाणी यायच्या आत गव्हाला विळा लागतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिनं बांधावर बसून पायाचा चिखल काडीनं खरवडला आणि मला म्हणाली, "चला, च्या ठिवते. तुमी गारठलाव."

परतीच्या एसटीत मी कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर तो फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. अपराधी वाटलं ते नंतर. त्या वेळी नुसता आनंद.

घरी लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उजव्या कडेला बांधावर एक डाग दिसला. लालसर, धुरासारखा. हिराची साडी. तोंड नाही, हात नाहीत. सारखी वाकून पाणी बघत होती, पुन्हा सरळ होत होती, वळून माझ्याकडे बघत होती, त्यामुळे वरची सगळी बाई विरून गेलेली. पण खाली दोन पाय होते. घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, जोडव्यांसकट स्वच्छ उमटलेले. थांबली होती ना ती माझ्यासाठी. पाय थांबलेले होते, जीव वरखाली होत होता.

तो डाग मी कापून टाकला. फोटोची उजवी कड चार बोटं कमी केली आणि हिरा गेली.

श्रावणात आमच्या ज्येष्ठ मंडळींनी नगरला छोटंसं प्रदर्शन भरवलं, त्यात माझ्या उडीला पहिलं बक्षीस मिळालं. "काय रेशीम आहे हो!" सगळे म्हणत होते. एका तरुण बाईंनी विचारलं, "आजी, असा फोटो काढायला काय लागतं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "धीर लागतो, बाळ." कुणाचा, ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी हिरा आली. ठेवणीतली साडी नेसून, एसटीनं, पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. फोटोपुढे ती इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं वळसा घालून पुढे जायला लागली. मला वाटलं, आता "छान हाय" म्हणेल. ती हळूच म्हणाली, "लई पानी गेलं, आक्का."

टोमणा नव्हता तो. दुसऱ्याच्या घरी दूध उतू गेलेलं पाहून आपण कसं म्हणतो, तसं. रेशीम दिसलेली माणसं शेकड्यानं येऊन गेली. पाणी दिसलेली ती एकटीच.

मग तिनं विचारलं, "म्या तितंच हुते न्हवं, बांधावर?"

"कॅमेऱ्यात आली नाहीस गं तू," मी म्हटलं. "हलत होतीस ना."

"न्हाई आले त्येच बरं. पदर बी नीट न्हवता." आणि हसली.

लिंबाखालचे ते तीन सारे म्हणजे खायच्या गव्हाचे. बाकीचा गहू बाजाराला जातो. आम्ही नगरला आलो तेव्हा सासूबाईंनीच ठरवून दिलं होतं, लिंबाखालचा निम्मा गहू थोरलीचा. "शेरात गेली तरी घरचं खाईल." त्या गेल्या तरी हिरानं ते मोडलं नाही. त्या वर्षीही चैत्रात पोतं आलं. मी लगेच त्याचं तोंड सोडलं, मूठभर गहू तळहातावर घेतला. टपोरा, मधासारख्या रंगाचा. मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, बघ, काही झालं नाही, उगाच मनाला लावून घेत होते. वर्षभर मऊसूत पोळ्या खाल्ल्या. फोटोचं बक्षीस घेऊन आले त्या दिवशीसुद्धा त्याच गव्हाची पोळी, वर तूप.

त्याच वर्षी दसऱ्याला गावी गेले तेव्हा हिरा गोठ्यात होती. म्हटलं, आपण दळण काढून ठेवावं. पत्र्याच्या कोठीत हात घातला आणि हात तिथेच थांबला. डोळ्यांच्या आधी हाताला कळतं हो, पन्नास वर्षं धान्य निवडलेल्या. दाणा हलका, सुरकुतलेला, जिऱ्यासारखा.

हिरा दारात येऊन उभी राहिली होती. "त्यो नगा घिऊ, आक्का. त्यो कोंबड्यांचा हाय."

"कोंबड्या कधी पाळल्यास?"

तिनं पुढे होऊन कोठीचं झाकण लावलं. मग पदर तोंडाला लावून हसली. "पाळायच्यात म्हनलं."

दुपारी तिनं पोळ्या केल्या. काळसर, कडेनं चिरलेल्या. माझ्या ताटात वाढताना तिनं हात आखडता घेतला, "भाकर टाकू का तुमाला?" मी नको म्हटलं. त्या पोळीचा घास चावताना मला कळलं, माझ्या वाट्याचं पोतं तिनं बाजाराला जायच्या गव्हातून निवडून भरलं होतं आणि लिंबाखालचं सगळं स्वतःच्या घरात ठेवलं होतं. मला म्हणायचं होतं, हिरा, चुकले. मी म्हटलं, "भाजी झकास झालीय."

त्यानंतर दोन वर्षं मी आवर्तनाला गेले नाही. एकदा गुडघे पुढे केले, एकदा लेकीकडे पुण्याला जायचं काढलं. मधल्या दिवसांत कॉम्प्युटरवरचा न कापलेला फोटो उघडून बसायची. बक्षीस मिळालेला नाही, दुसरा. तीस सेकंद डोळा उघडा ठेवला की जे थांबतं ते दिसतं, म्हणतात. माझा उघडा होता की. पाय समोर होते.

ह्या वेळी मात्र गेले. काल. न कापलेला फोटो छापून पर्समध्ये घेतला होता. कॅमेराही पिशवीत होता. का घेतला, विचारू नका. सवय.

सातला आम्ही दोघी चारीवर. हिराचे केस आता माझ्यापेक्षा पांढरे झालेत. तिनं फळी उचलली, उडीकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. आणि फळी खाली ठेवली.

"काढा की फोटू. थांबते मी. आज उजेड बी लवकर आलाय."

"नको. टाक फळी."

"आवो, दोन मिंटं..."

"हिरा, टाक म्हणते ना!" माझा आवाज एवढा चढला की बाभळीवरची साळुंकी उडाली. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं, चारीत उतरली आणि फळी टाकली. उडीचं पाणी आधी पातळ झालं, मग त्याचे चार दोरे झाले, मग एक, मग नुसते काळे दगड ठिबकत राहिले. उडी गप्प होताना मी कालपर्यंत कधी ऐकली नव्हती.

हिरा फावडं खांद्यावर टाकून थेट पार शेवटाला, लिंबाकडे निघाली. मी मागे. "अगं, अलीकडच्या साऱ्यापासून नाही का धरायचं?"

"तवाधरनं म्या लिंबाखालूनच सुरू करते," ती मागे न बघता म्हणाली. "कमी पडलंच तर हिकडचं ऱ्हाऊ दे."

लिंबाखाली ती पहिल्या साऱ्याचं तोंड फोडायला वाकली. मी पर्समध्ये हात घातला. फोटोची कड बोटांना लागली. "हिरा," मी म्हटलं, "तो कोंबड्यांचा गहू... मला तुला..."

"मागनं बोला, आक्का. पानी आलंय." तिनं मान वर केली नाही. फावड्याच्या पात्यानं माझ्या चपलेला हळूच टोचलं. "पाय काढा."

खाली पाहिलं. मी साऱ्याच्या तोंडातच उभी होते. पाणी माझ्या घोट्यांपाशी येऊन अडलं होतं, गढूळ, वर गव्हाची दोन पाती तरंगत होती. मी पाय काढले आणि बांधावर सरकले. ओल्या मातीत माझ्या पायांचे दोन खड्डे राहिले होते. पाणी आधी ते खड्डे भरत बसलं, मग पुढे गव्हाकडे गेलं.